आधी रील, मग ड्रम: एका सोयाबीन काढणीचे प्रकरण

ऑक्टोबर २०२४ मध्ये, दिवाळी तोंडावर आलेली असताना, लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात एका शेतकऱ्याच्या सहा एकर सोयाबीनमध्ये हार्वेस्टर चालू होते. दुपारी साडेतीनच्या सुमारास त्यांचा फोन आला. "साहेब, टाकीत सोयाबीन कमी आणि डाळच जास्त पडायलीय," एवढेच ते म्हणाले. डाळ म्हणजे फुटून दोन दले झालेला दाणा. तोवर दोन एकर काढून झाले होते. शेती यंत्रांच्या जोडणीचे आणि दुरुस्तीचे काम मी करत असल्याने अशा तक्रारी हंगामात नव्या नसतात. या वेळी मात्र त्याच शेतात सलग दीड दिवस थांबता आले, मोजता आले आणि सात महिन्यांनी त्या मोजणीचा पडताळाही घेता आला. म्हणून हे प्रकरण तपशिलाने मांडत आहे.

पिकाची स्थिती

वाण फुले संगम होता. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज येथील केंद्राने दिलेला हा वाण उंच वाढतो आणि त्याला पक्व होण्यास जे. एस. ३३५ या वाणापेक्षा जास्त दिवस लागतात. पेरणी जूनच्या अखेरीस झाली होती. पीक काढणीला आले तेव्हा परतीचा पाऊस झाला, शेंगा भिजल्या, नंतर कडक ऊन पडले आणि त्या पुन्हा वाळल्या. भिजणे आणि वाळणे असे दोन-तीनदा झाले की शेंगेची शिवण सैल होते आणि नुसता धक्का लागला तरी ती तडकते. मजूर मिळाले असते तर सकाळच्या दवात कापणी करून बणीम (कापलेल्या पिकाची रास) लावता आली असती, पण दिवाळीच्या तोंडावर मजूर मिळणे अवघडच असते. शेतात तुरीचे आंतरपीक नव्हते, त्यामुळे हार्वेस्टर आत घालणे तरी शक्य झाले.

यंत्र पंजाबातून आलेले होते आणि त्याचा दर एकरावर ठरलेला होता. ही गोष्ट आधीच नोंदवतो, कारण पुढचे बरेच काही तिच्यावर अवलंबून आहे. एकरावर पैसे घेणाऱ्या चालकाला वेगाने चालण्यात फायदा असतो आणि थांबून जोडणी, म्हणजे यंत्राचे वेग आणि फटी, बदलण्यात तोटा. त्यात त्याची लबाडी नसते, व्यवहारच तसा बांधलेला असतो. आदल्या दिवशी हे यंत्र शेजारच्या गावात हिरव्या काड्यांच्या, दमट सोयाबीनमध्ये चालले होते आणि तीच जोडणी घेऊन ते या कोरड्या शेतात आले होते.

शेतकऱ्याला दोन गोष्टी हव्या होत्या. माल बाजारात विकायचा होता आणि पुढच्या खरिपासाठी घरचे बियाणे राखायचे होते. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या होत्या, तेव्हापासून ते विकतच्या पिशवीवर विसंबत नाहीत. टाकीतली डाळ पाहून त्यांना वाटलेली काळजी विक्रीपेक्षा बियाण्याची जास्त होती.

पहिली मोजणी

मी पोहोचलो तेव्हा चालकाने ड्रमचा, म्हणजे शेंगा मळणाऱ्या फिरत्या सिलिंडरचा, वेग कमी करण्यासाठी इंजिनाचा थ्रॉटल खाली घेतला होता. हा उपाय फार ठिकाणी केला जातो आणि तो चुकीचा आहे. इंजिन मंदावले की ड्रमबरोबर पंखा, चाळण्या आणि काडी पुढे सरकवणारे वॉकरही मंदावतात. मग डाळ थोडी कमी झाली तरी दाणा भुसातून सुटत नाही आणि गुळीबरोबर, म्हणजे मळलेल्या काडी-भुशाबरोबर, मागे जातो. थ्रॉटल पूर्ण ठेवूनच ड्रमचा वेग त्याच्या स्वतःच्या फिरत्या पुलीने बदलायचा असतो, तोही ड्रम चालू असताना.

त्याआधी मात्र दाणे नेमके कोठे गळतात हे पाहणे गरजेचे होते. यंत्राला चालता चालता थांबवले, पाच मीटर मागे घेतले, इंजिन बंद करून चावी खिशात ठेवली. त्यामुळे जमिनीचे तीन वेगळे भाग समोर आले: न कापलेले उभे पीक, कापलेला पण वरून अजून गुळी न पडलेला पट्टा, आणि यंत्राच्या मागचा गुळी पडलेला भाग. चार काड्या आणि सुतळी घेऊन एक मीटर बाय एक मीटरची चौकट केली आणि प्रत्येक भागात तीन ठिकाणी जमिनीवरचे, धसकटांवर राहिलेल्या शेंगांतले आणि तुटून पडलेल्या फांद्यांतले दाणे मोजले.

उभ्या पिकाखाली सरासरी ९ दाणे होते. ते पिकानेच टाकलेले होते, त्यात यंत्राचा दोष नव्हता. कापलेल्या पट्ट्यात १२६ होते. म्हणजे ११७ दाणे हेडरने, यंत्राच्या पुढच्या कापणी करणाऱ्या भागाने, टाकले होते, आणि ते अजून ड्रमपर्यंत पोहोचलेलेही नव्हते. मागच्या गुळीच्या पट्ट्यात १८९ निघाले. येथे एक चूक बहुतेक जण करतात. गुळी यंत्राच्या पूर्ण रुंदीवर पडत नाही. आमच्या यंत्राचा कटरबार (कापणारे पाते) ४.२ मीटरचा होता आणि गुळी जेमतेम १.२ मीटरच्या पट्ट्यात पडत होती. म्हणून त्या पट्ट्यात वाढलेल्या ६३ दाण्यांना साडेतीनने भागावे लागते. मग मळणी आणि चाळणीची गळ चौरस मीटरला १८ दाणे एवढीच भरते.

शंभर दाणे तोलले, १२ ग्रॅम भरले. चौरस मीटरला १० ग्रॅम गळ म्हणजे हेक्टरी एक क्विंटल, म्हणजे एकरी ४० किलो, हे गणित लक्षात ठेवण्यासारखे आहे. आमचे १३५ दाणे १६ ग्रॅमच्या थोडे वर गेले, म्हणजे एकरी सुमारे ६५ किलो. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता. त्या भावाने हे एकरी तीन हजार रुपयांहून अधिक होतात. शेतकऱ्याला टाकीतली डाळ दिसत होती, कारण ती डोळ्यांसमोर पडत होती. गुळीच्या आणि पाचोळ्याच्या खाली गेलेले ६५ किलो त्यांना दिसत नव्हते. सोयाबीनमध्ये बहुतेक गळ हेडरपाशी होते, हे मला ठाऊक होते, पण गाडीतून उतरलो तेव्हा माझेही हात आधी ड्रमकडेच गेले असते, हे मान्य करायला हवे.

रील, पाते आणि वेग

कापलेल्या पट्ट्यातल्या ११७ दाण्यांपैकी सुमारे ७० सुटे होते, ३० धसकटांवरच्या शेंगांत होते आणि उरलेले तुटून खाली राहिलेल्या फांद्यांत. सुट्या दाण्यांचे कारण रील, म्हणजे पीक पात्याकडे झुकवणारे पुढचे फळ्यांचे फिरते चाक, होते. यंत्राचा वेग मोजण्यासाठी २० मीटर अंतर पावलांनी नव्हे तर टेपने आखले; ते १४ सेकंदांत पार झाले, म्हणजे ताशी सुमारे पाच किलोमीटर. रीलचा व्यास एक मीटर होता आणि ती मिनिटाला ४२ फेरे घेत होती. म्हणजे तिच्या फळ्या यंत्राच्या पुढे जाण्याच्या वेगापेक्षा दीडपटीहून अधिक वेगाने पिकावर आदळत होत्या. तडकायला टेकलेल्या शेंगांना ही जवळजवळ काठीने झोडपणीच होती. सोयाबीनमध्ये रीलचा वेग यंत्राच्या वेगाच्या सव्वापटीच्या आत असावा. फळीने झाडाला पात्याकडे नुसते झुकवायचे असते.

रील ३० फेऱ्यांवर आणली, तिची उंची वाढवून फळी झाडाच्या वरच्या तिसऱ्या भागालाच लागेल अशी ठेवली आणि यंत्र ताशी साडेचार किलोमीटरवर आणले. धसकटे सरासरी १४ सेंटिमीटर उंच राहत होती. चालकाला काळ्या रानातली ढेकळे आत येण्याची भीती होती आणि ती खोटी नव्हती, कारण मातीचा डाग पडलेल्या मालाला व्यापारी लगेच बोट लावतो. तरीही रान सपाट होते, म्हणून पाते ८ सेंटिमीटरवर आणून पाहिले. पात्याचे चार दात बोथट होऊन गोलसर झाले होते. बोथट दात काडी कापण्याऐवजी आधी ओढतो आणि त्या झटक्यानेही शेंग फुटते. चालकाच्या पेटीत सुटे दात होते. ते बदलायला वीस मिनिटे लागली.

पुन्हा मोजले तेव्हा कापलेल्या पट्ट्यात ५२ दाणे निघाले, म्हणजे हेडरची गळ ११७ वरून ४३ वर आली. येथे माझ्याकडून एक चूक झाली. रील, उंची, वेग आणि पाते हे सगळे मी एकदमच बदलले, त्यामुळे त्यातल्या कोणत्या बदलाने किती फरक पडला, हे सांगता येत नाही. सूर्य मावळायला तासाभराचा अवधी होता, हे कारण खरे आहे, पण मोजणीच्या दृष्टीने ते पुरेसे नाही.

ड्रम आणि डाळ

ड्रमचा व्यास ६० सेंटिमीटर होता आणि तो मिनिटाला ७२० फेरे घेत होता. म्हणजे ड्रमच्या कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ साडेबावीस मीटर. गव्हासाठी याहूनही जास्त वेग लागतो, पण कोरड्या सोयाबीनला तो फार झाला. टाकीतून शंभर ग्रॅम नमुना घेतला. त्यात ९ ग्रॅम डाळ होती. ओलावा मोजला तर १०.२ टक्के निघाला. एवढ्या कोरड्या दाण्याची दोन दले हलक्या माराने सुटतात. शिवाय मागच्या पट्ट्यातले ६३ दाणे निरखून पाहिले तर त्यात अर्ध्याहून जास्त डाळच होती: अर्धा दाणा हलका असतो, पंखा त्याला उडवून नेतो. याचा अर्थ टाकीत दिसणारी ९ टक्के डाळ ही प्रत्यक्षापेक्षा कमीच होती.

यंत्राने केलेली खरी इजा मात्र डोळ्यांना दिसत नाही. सोयाबीनचे टरफल पातळ असते आणि अंकुराचा मूळकोंब त्याच्या अगदी खाली, कडेलाच असतो. बाहेरून अखंड दिसणाऱ्या दाण्यालाही आत तडा गेलेला असू शकतो. तो दाखवणारी एक साधी चाचणी आहे. एक लिटर पाण्यात कपड्यांचे साधारण २० मिलिलिटर ब्लीच घालायचे आणि त्यात शंभर अखंड दाणे दहा मिनिटे ठेवायचे. ज्यांच्या टरफलाला तडा गेला आहे ते पाणी ओढून दुप्पट-तिप्पट फुगतात. बाकीचे तसेच राहतात. शेताच्या बांधावर स्टीलच्या वाटीत आम्ही ती केली आणि १९ दाणे फुगले. शेतकऱ्याच्या सूनबाईंनी दोन्ही वाट्या शेजारी ठेवून फुगलेले दाणे एकेक करून वेगळे काढले. तो आकडा ऐकून शेतकरी काही बोलले नाहीत; त्यांनी टाकीत भरलेल्या मालाकडे फक्त पाहिले.

ड्रम ४८० फेऱ्यांवर आणला आणि ड्रम व त्याखालची मळणीची जाळी, म्हणजे कॉनकेव्ह, यांच्यातील पुढची फट १८ मिलिमीटरवरून २४ केली. सहा मिनिटे चालवून पुन्हा नमुने घेतले. डाळ ३ ग्रॅमवर आली, ब्लीचमध्ये ८ दाणे फुगले, मळणी-चाळणीची गळ १४ दाण्यांवर स्थिरावली. ड्रम मंदावल्याने काडीचा चुरा कमी झाला होता, म्हणून चाळण्यांवरचा भारही उतरला होता. एकूण गळ आता ५७ दाण्यांची, म्हणजे एकरी २८ किलोंच्या आसपास होती. अंधार पडेपर्यंत दीड एकर याच जोडणीवर निघाले.

दुसरी सकाळ

रात्री चांगलेच दव पडले होते. सकाळी साडेनऊला चालकाने कालच्याच जोडणीवर यंत्र आत घातले आणि दहा मीटरवर थांबवले. मागच्या गुळीत निम्म्या शेंगा न फुटता गेल्या होत्या आणि अर्धवट मळलेला माल परत ड्रमकडे नेणारा एलिव्हेटर घरघरत होता. ओलावा १७ टक्के होता. शेंग बोटांनी दाबली तर फुटण्याऐवजी वाकत होती. ज्या जोडणीने संध्याकाळी काम निभावले, ती सकाळी त्याच शेतात, त्याच वाणावर निरुपयोगी ठरली होती.

चालकाचे म्हणणे होते की ड्रम पुन्हा सातशेवर नेऊन काम उरकावे, कारण पुढच्या शेतकऱ्याचे फोन चालू होते. बाजाराच्या मालासाठी मी त्याला पूर्ण नकार दिला नसता, फक्त वेग वाढवण्याआधी कॉनकेव्हची फट कमी करून पाहा, असे सांगितले असते. कारण दाण्याला इजा फटीपेक्षा वेगामुळे जास्त होते. पण बियाण्याचा प्रश्न वेगळा होता. सहा एकरांसाठी एकरी ३० किलो धरले तर १८० किलो बियाणे लागते, आणि साठवणीतली तूट व उगवणीची शंका जमेस धरली तरी तीन-चार क्विंटल पुरतात. एकरी नऊ क्विंटलचा उतारा येत असताना त्यासाठी अर्धा एकर पुरेसा होता. सगळे शेत बियाण्याच्या दर्जाने काढण्याची गरजच नव्हती. आवश्यक होता तो योग्य तासात काढलेला अर्धा एकर.

म्हणून थांबायचे ठरले. चालकाचा वेळ जाणार होता, तेव्हा त्या अर्ध्या एकराचे पैसे एका एकराप्रमाणे द्यायचे, असे शेतकऱ्याने स्वतःहून सांगितले. माझ्या मते या प्रकरणातला सर्वात कामाचा निर्णय हाच होता. तो घेतला नसता तर माझ्या जोडणीला कोणी विचारले नसते. चालकाने खाट टाकली आणि चहा मागवला.

पावणेअकराला ओलावा १३.८ टक्क्यांवर आला. शेताचा तणविरहित कोपरा निवडला, कारण हिरव्या केन्याचा (एक तण) रस दाण्याला लागला की त्याला माती चिकटते. ड्रम ४२० फेऱ्यांवर ठेवला, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला सव्वातेरा मीटर, आणि कॉनकेव्हची मागची फट थोडी कमी केली. मागे काही शेंगा न फुटता जात होत्या; त्या जाऊ दिल्या. बियाण्यासाठी चार दाणे जास्त गळले तरी चालतात, फुटके आत येऊन चालत नाहीत. आदल्या दिवशी याच शेताचे साडेतीन एकर निघालेले असल्याने यंत्राच्या पोटात दुसऱ्या वाणाचे दाणे राहण्याची धास्ती नव्हती, तरी पहिली काही घमेली बाजूला काढली. माल ट्रॉलीत उंचावरून न सोडता पाइप ताडपत्रीजवळ वाकवून सावकाश उतरवला. नमुन्यात डाळ दीड ग्रॅम होती आणि ब्लीचमध्ये ५ दाणे फुगले.

साडेअकरानंतर उरलेले दोन एकर बाजारासाठी ५०० फेऱ्यांवर काढायला घेतले. दुपारी साडेबाराला ओलावा ११.२ वर उतरला तेव्हा चालकाने मला न विचारता टाकीत हात घातला, मूठभर दाणे तळहातावर पसरले आणि ड्रम ४५० वर आणला. त्याच हंगामात नोव्हेंबरमध्ये केंद्राने हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली. ती आधी झाली असती तर पीक दहा टक्क्यांपर्यंत वाळवण्याची घाई कदाचित कमी झाली असती.

मे महिन्यातली उगवण

बियाण्याचे चार क्विंटल ताडपत्रीवर पसरून दोन दिवस कोवळ्या उन्हात वाळवले आणि ओलावा १२ टक्क्यांच्या खाली गेल्यावर पोत्यांत भरले. पहिल्या दिवशी मी येण्याआधीच्या टाकीतले दहा किलो वेगळ्या पिशवीत ठेवायला मी सांगितले होते. तिसरी पिशवी सूनबाईंनी केली: न कापलेल्या एका कडेच्या शेंगा त्यांनी हाताने तोडून, हातानेच सोलून किलोभर दाणे काढले होते. तिन्ही पिशव्या एकाच कोठीत, एकाच फळीवर राहिल्या.

मे २०२५ मध्ये तिन्ही नमुन्यांची गोणपाटावर उगवण चाचणी घेतली. दहा-दहाच्या दहा ओळी, असे प्रत्येकाचे चार संच भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळले आणि सहाव्या दिवशी उलगडले. हाताने सोललेल्या दाण्यांची सरासरी उगवण ८८ टक्के आली. बियाण्याच्या अर्ध्या एकरातील ८२ आणि पहिल्या दिवशीच्या टाकीतील ५८. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवणीची अट आहे. शंभरातले बारा पावसाने आणि साठवणीने घेतले होते. ते यंत्राला लावता येत नाहीत. त्यापुढचे सहा दुसऱ्या दिवशी यंत्राने घेतले, आणि तेच यंत्र, त्याच शेतात, आदल्या दुपारी तीस घेत होते.

दहा किलोंची ती पिशवी शेतकऱ्यांनी चाचणीनंतर बाजारात घातली. अर्ध्या एकराचे बियाणे त्यांनी एकरी ३० किलोंनीच पेरले.